हरकत घ्यायची ती वेळेवर



संसदेचे नियम म्हणजे वकिलांचा विषय, असं समजून आपण ते बाजूला ठेवतो. पण आपल्यासाठीचे कायदे त्याच नियमांनी पुढे सरकतात, नाहीतर अडतात. म्हणून आज एवढंच बोलू : हरकतीचा मुद्दा केव्हा मांडायचा?

लोकसभेचा नियम ३७६ सांगतो की, सभागृहापुढे त्या क्षणी जे कामकाज चालू आहे, त्याबद्दलच हरकत घेता येते. एक विषय संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या वेळात अध्यक्ष परवानगी देऊ शकतात. पण मुद्दा सभागृहातल्या सुव्यवस्थेचा किंवा कामकाजाच्या मांडणीचा असेल तरच. प्रस्ताव मताला टाकला जात असताना हरकत चालत नाही. नुसती माहिती विचारायलाही नाही.

विधेयकाचंही तसंच. ते मांडण्यालाच विरोध असेल, तर त्या दिवशी सकाळी दहापर्यंत नोटीस द्यावी लागते. पुढे ते विचारात घेण्याचा प्रस्ताव आला की नियम ७४ कामाला येतो. प्रती दोन दिवस आधी मिळालेल्या नसतील, तर कोणीही सदस्य हरकत घेऊ शकतो. अध्यक्षांनी सूट दिली नाही, तर ती हरकत टिकते.

१९९८ च्या जुलैमध्ये लोकसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या प्रती मंत्र्यांच्या हातून हिसकावून फाडल्या गेल्या. ती हरकत नव्हती, दांडगाई होती. २०२३ मध्ये उलट घडलं. १९ सप्टेंबरला विधेयक मांडलं आणि २० तारखेला ४५४ विरुद्ध २ मतांनी लोकसभेत मंजूरही झालं. सत्तावीस वर्षांची वाट संपली, याचा आनंद होताच. पण आरक्षण जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचना यांच्यानंतरच लागू होईल, असं कलम त्यात होतं. ते वाचून खासदारांपर्यंत आपलं म्हणणं पोचवायला आपल्याला एक रात्र मिळाली. नियमातले ते दोन दिवस सदस्यांइतकेच आपलेही असतात.

तेव्हा यापुढे निवेदन देताना फक्त मागणी लिहू नका. कोणत्या टप्प्यावर, कोणत्या नियमाखाली बोलायचं, तेही लिहून द्या, आणि आदल्या दिवशीच द्या. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायांनीही हेच ध्यानात ठेवावं : ठराव मताला जाण्याआधी बोला, आणि आपली हरकत इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. बैठक उठल्यावर ओट्यावर बोललेलं कुठेच नोंदलं जात नाही.