खिडकी लहान झाली की कॉलम खाली का पडतो?

आजचा भाग वेब पेज बनवणाऱ्यांसाठी आणि बनवायला शिकणाऱ्यांसाठी. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन कॉलम लॅपटॉपवर छान दिसतात. पण ब्राउझरची खिडकी जरा लहान केली, की उजवा कॉलम धपकन खाली! असं का होतं, आणि त्याला जागेवर कसं ठेवायचं, ते आज बघू.

आधी कारण. ते साधं बेरजेचं गणित आहे. समजा, जागा आहे 600 पिक्सेल. डावा कॉलम 400, उजवा 200. झाले 600. आता उजव्याला दोन्ही बाजूंनी 10-10 पिक्सेल पॅडिंग दिलंत. सीएसएसच्या मूळ नियमात पॅडिंग हे रुंदीत धरत नाहीत, वर मोजतात. म्हणजे बेरीज झाली 620. मांडणी फ्लोटची असेल तर उजव्याला जागा पुरत नाही आणि तो खाली उतरतो. टक्क्यांचंही तेच: 50 अधिक 50, वर एका पिक्सेलची बॉर्डर, की संपलं! उपाय काय? बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स द्या. मग पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीच्या आतच धरली जातात.

पण खिडकीच 500 ची झाली, तर 400 आणि 200 एका ओळीत बसणार कसे? इथे फ्लेक्सबॉक्स कामाला येतो. बाहेरच्या डब्याला डिस्प्ले फ्लेक्स दिलं, की आतले कॉलम एकाच ओळीत राहतात. फ्लेक्स-रॅप तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय ते खाली जात नाहीत. जागा कमी झाली की दोघंही थोडे थोडे आक्रसतात.

तरी एक अडचण उरतेच. फ्लेक्समधला कॉलम सहसा आपल्या सगळ्यात लांब शब्दापेक्षा अरुंद व्हायला तयार नसतो. आणि आपल्या मराठीत शब्द कसे असतात? ‘महाविद्यालयांमध्येसुद्धा’! असा एक शब्द आला की कॉलम अडून बसतो आणि पेज उजवीकडे बाहेर पडतं. अशा वेळी त्या कॉलमला मिन-विड्थ शून्य द्या, आणि ओव्हरफ्लो-रॅपला ब्रेक-वर्ड. फोटोंना मॅक्स-विड्थ 100 टक्के.

आता खरा मुद्दा. कॉलम शेजारी ठेवता येतात म्हणून ठेवायचेच का? स्वतःला एक प्रश्न विचारा: या दोघांना वेगळं केलं तर अर्थ बदलतो का?

डावीकडे लेख आणि उजवीकडे मेन्यू असेल, तर अर्थ बदलत नाही. फोनवर खुशाल एकाखाली एक येऊ द्या. त्यासाठी मीडिया क्वेरी आहे. इथन मार्कॉट यांनी 2010 मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिलं, ते याच विचाराला.

पण डावीकडे औषधाचं नाव आणि उजवीकडे डोस असेल तर? किंवा गाडीचं नाव आणि सुटायची वेळ? तिथे कॉलम तुटले की चुकीचं औषध, चुकलेली गाडी. अशी माहिती टेबलमध्येच ठेवा. टेबलला मिन-विड्थ द्या, समजा 600 पिक्सेल. त्याच्याभोवती एक डबा घाला आणि त्या डब्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या. मग पूर्ण पेज हलत नाही, फक्त टेबल बोटाने सरकतं. पहिल्या कॉलमला पोझिशन स्टिकी आणि लेफ्ट शून्य दिलंत, की सरकवताना नावं डोळ्यांसमोरच राहतात.

वेब सुलभतेचे जागतिक नियम म्हणजे डब्ल्यूसीएजी. त्यांच्या 2018 च्या आवृत्तीतही हाच विवेक आहे. 320 पिक्सेल रुंदीत साधा मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे, पण माहितीच्या टेबलांना त्यातून सूट आहे.

शेवटी, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग विसरू नका. तो नसेल तर फोन पेजला साधारण 980 पिक्सेल रुंद समजतो आणि सगळं मुंगीएवढं करून दाखवतो. आणि त्यात झूम बंद करू नका. तुमचं पेज कदाचित कोणाची तरी आजी वाचत असेल.

तर आजच आपलं एखादं पेज उघडा, खिडकीची कड धरा आणि हळूहळू आत ढकला. कुठे तुटतं ते बघा, आणि तिथून कामाला लागा. भेटू पुढच्या भागात!