विषय सोडायचाय? आधी डीएसओला विचारा

आजचा भाग श्रीरामपुरातून अमेरिकेला एमएस करायला निघालेल्यांसाठी.

व्हिसा आला, पेढे वाटले, म्हणजे सगळं झालं असं नाही. तिथे 2003 पासून ‘सेव्हिस’ नावाची सरकारी ऑनलाइन नोंद आहे. तुमचा पत्ता, कोर्स, प्रवेश, सगळं त्यात. आणि ती अपडेट कोण करतं? तुमचंच विद्यापीठ! त्यासाठीचा अधिकारी म्हणजे डीएसओ. रूम बदलली तर तुम्ही 10 दिवसांत कळवायचं, विद्यापीठाने 21 दिवसांत नोंदवायचं. त्यांनी हे केलं नाही, तर परदेशी मुलं घ्यायची त्यांची परवानगीच जाऊ शकते. म्हणून डीएसओ कितीही चांगला असला, तरी तुमची चूक झाकणार नाही.

पण आधी विचारलंत, तर वाट निघते. आजारपणात कमी विषय घेता येतात, फक्त परवानगी आधी हवी. न विचारता विषय सोडला, तर नोंद बंद होऊ शकते.

एप्रिल 2025 मध्ये तर सरकारनेच हजारो नोंदी परस्पर बंद केल्या. मुलं कोर्टात गेली, मग त्या परत सुरू झाल्या. म्हणून आय-20 आणि प्रत्येक ईमेल जपून ठेवा.

घरी ‘सगळं ठीक आहे’ म्हणा हवं तर. डीएसओला मात्र खरं सांगा. भेटू पुढच्या भागात!