परिचारिकेची साक्ष



फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा आम्ही शिक्षकांनी मुलांना दाखविला. त्यांची कोष्टके मात्र दाखविली नाहीत. हिंदुस्थानात पाऊलही न टाकता त्यांनी येथील लष्करी छावण्यांतून प्रश्नावलींची उत्तरे मागविली. गोरे सैनिक दरसाल हजारी ६९ मरत, ते मुख्यतः लढाईने नव्हे, तर घाण पाण्याने व तुंबलेल्या गटारांनी, हे १८६३ साली सरकारपुढे आले, त्यात या बाईंचा वाटा मोठा.

आज कोडोलीच्या आसपास ही पारख कोणी करावी? सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ मुलखात तीन हजार वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, असे सरकारी प्रमाण आहे. वाडीवाडीतील चढ मात्र नर्सबाईंच्या पायांसच ठाऊक. माझी एक जुनी विद्यार्थिनी हेच काम करते. ती म्हणाली, "गुरुजी, पोर लशीला आलं नाही, हे लिहायला रकाना आहे, आई भांगलणीला गेली होती, त्याला रकाना नाही." योजनेचे यशापयश ठरविणाऱ्यांनी तो रकाना तिलाच विचारावा.

पण नर्स म्हटले की आपल्याच ज्ञातीत स्थळे मागे फिरतात. जिला आपण सून म्हणून पत्करीत नाही, तिची साक्ष मुंबईने का मानावी? यंदाची शिष्यवृत्ती मंडळाने परिचर्या शिकणाऱ्या मुलीस द्यावी, आणि पुढील वर्षी या जागी माझ्याऐवजी एखाद्या नर्सबाईंस बोलवावे.