घाट आणि वेळापत्रक

छप्पन्नाव्या वर्षी मी सायकल सरावाच्या शिबिरासाठी वाईला गेलो. माझ्या मोबाइलवरचं वेळापत्रक आदल्या दिवसाची नोंद पाहून पुढचा सराव बदलतं. पण शिबिराचं मी त्याला सांगितलंच नाही. सकाळी सगळ्यांबरोबर पसरणीचा घाट, संध्याकाळी वेळापत्रकातल्या वेगाच्या फेऱ्या! चौथ्या दिवशी पाय उचलेनात. शिबिर अर्धवट सोडून घरी आलो. बायको म्हणाली, ‘‘अहो, मोबाइलपासून लपवाल, गुडघ्यांपासून कसं लपवाल?’’

यंदा शिबिराआधीचा आठवडा हलका ठेवला. शिबिराच्या दिवसांतला वेगाचा सराव वेळापत्रकातून काढला, घाटाची नोंद मात्र रोज केली. परतल्यावर आधी विश्रांती. बुडालेला सराव भरून काढला नाही. चढावर अंग थकतं, ताकद विश्रांतीत मुरते. पंधरा दिवसांनी तोच घाट पाय न टेकता चढलो.