चहा किती आणि केव्हा

जालना जिल्ह्यात कॅफीन पोटात जाते ते मुख्यतः चहातून. कॉफीची सवय मोजक्या घरांत. पहाटे शेताकडे निघण्याआधी, मोंढ्यात आडतीवर, रोलिंग मिलची पाळी बदलताना चहा होतोच; शिवाय कुणाच्या घरी गेल्यावर चहाला नाही म्हणणे म्हणजे यजमानाचा अपमान. त्यामुळे दिवसभरात किती कप झाले, याचा हिशेब सहसा कुणाकडे नसतो.

कॅफीन १८१९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. माणूस जागा असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोप येऊ लागते. कॅफीन या द्रव्याची जागा अडवते. थकवा तसाच राहतो, फक्त तो जाणवत नाही. रात्रपाळीच्या कामगाराला तरतरी येते ती एवढीच, आणि भट्टीजवळ काम करताना हे विसरून चालत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५, तर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. टपरीवरचा कट याहून बराच लहान. म्हणजे चार-पाच कट घेणारा निरोगी माणूस मर्यादेच्या आतच राहतो. त्याच्या बाबतीत काळजी साखरेची अधिक. प्रत्येक वेळी दोन चमचे साखर पडत असेल, तर कॅफीनच्या कितीतरी आधी साखरेची मर्यादा ओलांडली जाते.

खरा प्रश्न वेळेचा आहे. जेवणाला लागून चहा घेतला, की त्यातले टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून ठेवते आणि भाकरी-भाजीतले लोह अंगी लागत नाही. हा दोष कॅफीनचा नव्हे, चहाचा. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे लक्षात घेता ही बाब किरकोळ नाही. म्हणूनच जेवणाआधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, असे याच संस्थेचे सांगणे आहे. जेवणाबरोबर आंबट फळ घेतले तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी त्यासाठी हाताशी आहेच.

दुसरी वेळ संध्याकाळची. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या चहातले निम्मे कॅफीन अकराला अंगात असते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हाच काळ पंधरा तासांपर्यंत लांबतो. म्हणून गरोदर स्त्रियांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने दिवसाला २०० मिलिग्रॅमचीच मर्यादा सुचवली आहे. अभ्यासिकांत रात्री जागण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या एनर्जी ड्रिंकवर तर लहान मुले, गरोदर व स्तनदा माता यांनी ते घेऊ नये, असे छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

चहा एकाएकी सोडला, की दिवसभरातच डोके धरते आणि चिडचिड वाढते. हा त्रास काही दिवसांत ओसरतो. काही जण त्यावर गोळी घेतात, पण डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते. चहा कमी करायचा असेल, तर आठवड्याला एक कप कमी करावा, आणि सुरुवात संध्याकाळच्या कपापासून करावी.