मोळीशिवाय चढलेला डोंगर

दुपारची भांडी आवरून रेडिओपाशी बसला असाल, कोणी तांदूळ निवडत असेल, कोणी कारखान्यातून पहिली पाळी करून नुकती आली असेल. पाय जरा लांब करून बसा. आज बचतीचे, कर्जाचे, बँकेच्या खात्याचे काही बोलणार नाही. म्हणजे थोडे बोलीन, कारण आमच्याकडे डोंगराची गोष्टसुद्धा रजिस्टरमधूनच निघते.

आमच्या तीन गटांत मिळून दंडाचे पैसे साठले होते. बैठकीला उशीर झाला की पाच रुपये, न सांगता गैरहजर राहिले की दहा. दोन वर्षांचे मिळून 2,300 रुपये झाले. दरवर्षी अशा पैशातून आम्ही विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जातो, ओटी भरतो, जत्रेत भजी खातो आणि घरी येतो. या वेळी एक जण म्हणाली, "ताई, महालक्ष्मीला जाताना हमरस्त्यावरून तो मोठा डोंगर दिसतो ना, कड्याचा, त्याच्यावर जायचं का एकदा?"

तो डोंगर म्हणजे अशेरीगड. मुंबई–अहमदाबाद महामार्गाला लागून, खोडकोना गावाच्या डोक्यावर उभा आहे. उंची साधारण सतराशे फूट. सोळाव्या शतकात तो पोर्तुगीजांनी घेतला आणि 1737 ते 1739 च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. वर पाण्याची टाकी आहेत, गुहेत देवीचे ठाणे आहे. मुंबईची पोरे शनिवार-रविवारी पाठीला पिशव्या लावून तिथे जातात. आपण मात्र वर्षानुवर्षे गाडीच्या खिडकीतून बघतो.

बैठकीत लगेच दोन तट पडले. एक मावशी म्हणाल्या, "डोंगर काय बघायचा? माहेरी असताना रोज चढत होतो, लाकडं आणायला." दुसरी म्हणाली, दशसूत्रीत सहल कुठे बसते ते दाखवा. मी म्हटले, पहिली पाच सूत्रे पैशाची, मान्य. सहावे आरोग्याचे आहे ना? त्यात बसवू. आपल्यातल्या किती जणींना जिना चढताना दम लागतो, हात वर करा. अर्ध्याहून जास्त हात वर गेले. रक्त कमी असल्याचे तर प्रत्येक तपासणीत ऐकतोच आपण. ठराव झाला.

मग खरा वाद झाला तो चारशे रुपयांवरून.

खोडकोन्याच्या बाजूच्या एका पाड्यावर आमच्या एका सदस्येची नात्यातली बाई राहते. पंचेचाळिशीची असेल. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार वेळा त्या जंगलात लाकूडफाट्याला जाते. मी म्हटले, तिला वाट दाखवायला बोलावू आणि एका दिवसाची मजुरी देऊ, 400 रुपये. तर बायका म्हणाल्या, "कशाला? ती तर अशीही जातेच की. तिला जेवायला घालू, पुरे." एकीने तर विचारले, चालण्याचे कुठे पैसे असतात का? मी जरा चिडलेच. आपण पापड लाटतो तेव्हा गिऱ्हाईक म्हणते, घरी लाटताच की, मग एवढा भाव कशाला. तेव्हा आपल्याला कसा राग येतो? शेवटी हात वर करून मतदान घेतले. सात विरुद्ध सहा. एका मताने तिची मजुरी मंजूर झाली आणि ते एक मत माझे होते, हेही सांगून टाकते.

फेब्रुवारीतला रविवार. ठरले होते सहाला निघायचे. बोईसरहून दोन इको गाड्यांत दाटीवाटीने चौदा जणी बसेपर्यंत साडेसात वाजले. एकीच्या घरी पाणी आले नव्हते, एकीच्या नवऱ्याने ऐन वेळी विचारले की डोंगरावर बायकांचे काय काम. नागझरी, चिल्हार फाटा, मग हमरस्ता. पायथ्यापासून चालायला लागलो तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि ऊन अंगावर आले होते. चूक माझी. वेळ मी धरून ठेवायला हवी होती.

आमची वाटाडी, म्हणजे वाट दाखवणारी, आधीपासून येऊन बसली होती. हातात कोयता, कमरेला साडी खोचलेली, पायात जुने प्लास्टिकचे बूट. तिने आधी सगळ्यांचे पाय बघितले. तोंडे नंतर. तीन जणींच्या पायात साध्या स्लिपर होत्या. ती म्हणाली, "बाय, यानं घसरशील." तिने झाडाच्या सालीची दोरी काढून एकीची स्लिपर पायाला बांधून दिली. दुसऱ्या दोघी लाजून "राहू दे" म्हणाल्या. मीही जोर केला नाही.

सुरुवातीची वाट सोपी. शेतांची खाचरे संपतात आणि जंगल लागते. साग, ऐन, मोह, कुडा. फेब्रुवारीत सागाची पाने गळलेली असतात, पाऊल टाकले की पापड मोडल्यासारखा आवाज. पळस फुलायला लागला होता. वाटेत तिने करवंदीच्या जाळ्या दाखवल्या, म्हणाली, आता काही नाही, मे महिन्यात या. कुठल्या झाडाचे लाकूड धूर करते, कुठले पटकन पेटते, कुठले तोडायचेच नाही, सगळे तिला ठाऊक. आमच्यातली कारखान्यात पॅकिंगला जाणारी मुलगी सारखी विचारत होती आणि ती सांगत होती. वन विभागाच्या हद्दीत आपण चूल पेटवायची नाही हे मी सांगायच्या आधी तिनेच सांगितले. सुक्या पानांत एक ठिणगी पडली तर अख्खा डोंगर जातो.

तासाभराने चढ लागला. मग झाडे विरळ झाली आणि वाटेवर सुटे दगड, मुरूम, वाळलेले गवत. याला घसारा म्हणतात. पाय ठेवला की खालची खडीच सरकते. खिंड वर दिसत होती, दोन डोंगरांच्या मधला खोलगट भाग, दहा-पंधरा मिनिटांवर. आणि खिंड दिसली म्हणून आम्ही घाई केली. एकीच्या मागे एक, सरळ रांगेत, गप्पा मारत. तेवढ्यात स्लिपरचा पट्टा तुटल्याचा आवाज आला. ती कारखान्यातली मुलगी पोटावर पडली आणि आठ-दहा फूट घसरत खाली गेली. तिच्या पायाखालून सुटलेला नारळाएवढा दगड मागच्या मावशींच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला. मैत्रिणींनो, तो दगड मला अजून दिसतो.

कोपर सोलवटले, गुडघा फुटला, नशिबाने तेवढ्यावर निभावले. सगळ्या जणी एकदम ओरडायला लागल्या, दोघी तिच्याकडे धावल्या, त्यांनी आणखी दगड सोडले. तेव्हा आमची वाटाडी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "कोणी हलायचा नाय!" सगळ्या उभ्या जागी थिजल्या. ती आडवी चालत मुलीपर्यंत गेली, तिला बसवले, आपला एक बूट काढून तिला दिला आणि स्वतःच्या एका पायाला फडके गुंडाळले. मग आम्हाला एकेकीला बाजूला घेऊन वर नेले. एकीच्या सरळ खाली दुसरीने उभे राहायचे नाही. दगड सुटला तर "दगड!" म्हणून ओरडायचे. गवताला धरायचे नाही, ते मुळासकट हातात येते.

खिंडीत पोहोचलो तेव्हा पावणेबारा. वारा असा की पदर सावरता येईना. खाली महामार्गावरचे ट्रक काडेपेटीएवढे. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, गूळ-शेंगदाणे काढले. आणि तिथे दुसरा वाद. त्या मावशींनी देवीसाठी नारळ आणि खण आणला होता. खिंडीपासून पुढे वाट खडकांतून जाते, काही ठिकाणी कातळ चढावा लागतो. मावशी म्हणाल्या, एवढे आलो, देवीला न भेटता जायचे? निम्म्या जणी त्यांच्या बाजूने. पाणी किती उरले ते मी मोजले. प्रत्येकीकडे पाव-अर्धी बाटली.

वाटाडीला विचारले. ती एवढेच म्हणाली, "आता पुढं नाय जायाचा. उतरताना कळेल." एक जण पुटपुटली, हिला काय, तिचे पैसे झाले. मी तिच्याकडे वळून म्हटले, आपण हिला पैसे दिलेत ते हे ऐकण्यासाठीच. वाटाडीने मावशींपुढे हात केला, म्हणाली, नारळ माझ्याकडे दे, मी जाईन तेव्हा चढवीन.

मला जपानच्या जुंको ताबेईची आठवण झाली. 1975 साली एव्हरेस्टवर पोहोचलेली ती पहिली बाई. घरी तीन वर्षांची मुलगी होती. मोहिमेसाठी पैसे जमवताना त्या बायकांना लोक म्हणायचे, घरी बसून मुले सांभाळा. ती मुलांना पियानो शिकवून पैसे साठवायची. ही गोष्ट मी खिंडीत सांगायला घेतली, पण कोणाचे लक्ष नव्हते, सगळ्या जणी फोटो काढत होत्या. म्हणून आज तुम्हाला सांगितली.

उतरताना कळले. घसाऱ्यावर चढण्यापेक्षा उतरणे अवघड. तिने शिकवले: तोंड उताराकडे करून सरळ उतरायचे नाही. आडवे उभे राहायचे, पाऊल आडवे टाकायचे, टाच रुतवायची, मग दुसरा पाय. भीती वाटली तर लाज न धरता बसून सरकायचे. साडी फाटली तर फाटली. पन्नास पावलांच्या त्या उतारावर आम्हाला पाऊण तास लागला. वर जाऊन आलो असतो तर पाणी संपून, थकलेल्या पायांनी, तिसऱ्या प्रहरी तिथे आलो असतो.

जंगलात आल्यावर सगळ्या जणी सुटलेल्या वासरांसारख्या चालायला लागल्या. मी मागे वाटाडीबरोबर होते. ती वाकून सुक्या काटक्या उचलत होती. म्हटले, अगं, आज तरी राहू दे, आज तुझी मजुरी वेगळी आहे. ती म्हणाली, "रिकामी गेले तर सासू विचारील, दिसभर काय केलं." पायथ्याला येईपर्यंत तिच्या डोक्यावर मोळी झाली होती. चौदा जणींपैकी एकीने, जिने मजुरीच्या विरोधात हात वर केला होता तिने, वाटेत थोडा वेळ ती मोळी आपल्या डोक्यावर घेतली.

पुढच्या बैठकीत खर्च लिहायचा होता. आमच्या सचिवाने चारशे रुपये "इतर प्रवास खर्च" मध्ये टाकले होते. कोणीतरी म्हणाले, खोडा ते. तिथे आता लिहिले आहे, "वाटाडीची मजुरी, 1 दिवस."

नारळाचा प्रसाद पंधरा दिवसांनी नातेवाईकाच्या हाती आला, मावशींनी सगळ्या गटाला वाटला. आता पावसाळा संपला की पुन्हा जायचे ठरते आहे, या वेळी देवीपर्यंत. बांधून घ्यायचे बूट नसतील तिला गाडीत घ्यायचे नाही आणि पहाटे पाचला जी उभी नसेल तिला दंड पन्नास रुपये. वाटाडीला निरोप धाडला. तिने पाचशे सांगितले आहेत. तेरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाले.