'फेअर' कशाला म्हणायचे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज एका साध्या इंग्रजी विशेषणाबद्दल बोलायचे आहे. 'फेअर'. इंग्रजी न शिकलेल्या बाईच्याही घरात हा शब्द पोचला आहे.

मुळात त्याचा अर्थ सुंदर. पुढे त्याला न्याय्य असाही अर्थ आला, आणि गोरा हाही. सौंदर्य, न्याय आणि गोरेपणा एकाच शब्दात येऊन बसले. निरभ्र हवा फेअर, खाडाखोड नसलेली प्रत फेअर. प्रगतिपुस्तकात मात्र फेअर म्हणजे जेमतेम बरा! इंग्रज पुरुष बायकांना 'फेअर सेक्स' म्हणत. पण पुरुषांच्या बरोबरीने मताचा हक्क ब्रिटनमधल्या बायकांना मिळायला १९२८ साल उजाडले.

आपल्याकडे काय? रेशनच्या 'रास्त भाव दुकाना'ला इंग्रजीत 'फेअर प्राइस शॉप' म्हणतात. तिथे फेअर म्हणजे रास्त. लग्नाच्या जाहिरातीत फेअर म्हणजे गोरी. मुलगी फेअर हवी, असे मी खूपदा वाचले. मुलगा फेअर आहे, म्हणजे हुंडा मागणार नाही, असे एकदाही वाचले नाही.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली' आपल्या बाजारात आले. २०२० साली त्यातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. त्याच साली शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढली. बायकांनी आवाज उठवला म्हणून हे झाले, हे विसरू नका. पण डब्यावरचा शब्द पुसला म्हणजे सासूच्या मनातला पुसला असे नाही.

मराठीत गोरी वेगळी आणि रास्त वेगळे. मला हे फार मोलाचे वाटते. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या इंग्रजी नावातच 'फेअर' भरपाई आहे; तिथे रंगाचा संबंध नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. तरी भरपाईचा चेक यायच्या आधी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात. साडीचोळी देऊन बोळवण करतात.

तेव्हा कोणी तुमच्या लेकीला फेअर म्हटले, तर विचारा, कोणत्या अर्थाने? आणि हक्कसोडीच्या कागदावर सही करण्याआधी तोच प्रश्न भावालाही विचारा: दादा, हे रास्त आहे का?